माईंची नवी झोळी

माईंचं धाकट्या जावेवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिला या कामात आणलं माईंनीच. अर्ज आणला माईंनी, तिच्याकडून भरून घेतला माईंनी, आणि "घरात लहान मूल असताना ही कुठं हिंडणार?" म्हणून दीर फुरंगटून बसला, तेव्हा त्याला दोन खडे बोल सुनावले तेही माईंनीच. म्हणून तर जास्त जळत होतं. परकी कुणी पुढं गेली असती तर माणूस म्हणतो, जाऊ दे, तिचं नशीब. पण जिला आपण बोट धरून आणलं, तिनं आपल्या डोळ्यांदेखत आपल्या पुढं जाऊन बसावं? तुम्हीच सांगा, कुणाला सोसेल?

माई आरोग्यसेविका होत्या. एक ना दोन, चौदा वर्षं. वस्तीतल्या सहा गल्ल्या त्यांच्याकडे. बाईला दिवस गेले की तिचं नाव वहीत घ्यायचं, तिला तपासणीला न्यायचं, आणि ती बाळंत होऊन घरी आली की ठरलेल्या दिवशी तिच्या दारात उभं राहायचं. बाळाचं वजन, अंगातला ताप, श्वास, नाळ, अंगावर नीट पितंय की नाही, सगळं बघायचं. शिक्षण म्हणाल तर सातवी. पण कुणाचं मूल कितव्या महिन्यात बसायला लागलं हे त्या मुलाची आई विसरेल, माई नाही विसरणार. नवराबायकोचं भांडण ऐन रंगात आलेलं असलं तरी माई दारात आल्या की दोघं गप्प व्हायची, आणि माई म्हणायच्या, "चालू द्या तुमचं, मी बाळाला बघायला आलेय."

दर मंगळवारी दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये तीस बायका सतरंजीवर बसायच्या आणि सिस्टर शिकवायच्या. एक फळा, एक टेबल, टेबलावर रबराची बाहुली. नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढी, तशीच लुळी मान असलेली. काही करून दाखवायचं असलं की सिस्टर खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "माई, या पुढं." चौदा वर्षांत या तीन शब्दांत बदल नव्हता. माई उठायच्या, पदर खोचायच्या, आणि बाहुली अशी सराईतपणे हातावर घ्यायच्या की नव्या पोरी तोंडात बोट घालायच्या. खरं सांगायचं तर मंगळवारी सकाळी माई जरा बरी साडी नेसायच्या. घरच्यांना वाटायचं दवाखान्यात साहेब येणार असतील.

आता सिस्टर तीन महिन्यांत निवृत्त होणार होत्या. पुढच्या तुकडीला शिकवायला याच तीस जणींतली एक बाई नेमायची, असं वरून ठरलं होतं. कोण ते विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. माईंनाही नाही. कुठल्या धड्यात कुणाचा किस्सा सांगायचा हेसुद्धा त्यांनी मनात लावून ठेवलं होतं.

आणि मग धाकटीनं तो प्रश्न विचारला. विषय नाळेचा होता. नाळेला काहीही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, हे सिस्टर शंभराव्यांदा सांगत होत्या. धाकटीनं हात वर केला. "सिस्टर, आई ऐकते हो. पण तिची सासू ऐकत नाही. मी वळले की ती काहीतरी लावतेच. तर सासूला काय सांगायचं?"

"सासूला गप्प करायचं काम माझं," माई बसल्या जागेवरून म्हणाल्या. बायका हसल्या. सिस्टरही हसल्या. पण हसून झाल्यावर त्यांनी फळ्याकडे वळून मोठ्या अक्षरात लिहिलं, सासूला काय सांगायचं? आणि पाऊण तास त्यावरच बोलणं झालं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं."

त्याच्या पुढच्या मंगळवारी सिस्टरांनी खडू खाली ठेवला. माईंचा हात पदराकडे गेलासुद्धा. तर सिस्टर म्हणाल्या, "धाकटे, आज तू ये."

माईंनी पदर पुन्हा नीट केला. जणू त्यासाठीच हात नेला होता. धाकटी बाहुली घेऊन अडखळत होती, दोन गोष्टी तिनं मागंपुढं केल्या. पण ती प्रत्येक वेळी सांगत होती की हे का करायचं. टोपी का, तर बाळाची सगळ्यात जास्त ऊब डोक्यातून जाते. मान का धरायची, तर अशी पडली की श्वास अडतो. बायका लिहून घेत होत्या. माई करून दाखवायच्या तेव्हा बायका नुसत्या बघत राहायच्या. हा फरक माईंच्या बरोबर लक्षात आला, आणि तो लक्षात आला हेच त्यांना सहन झालं नाही.

त्या दिवसापासून घरातही चैन पडेना. दोघींची चूल एक, खोल्यांमधे नुसती एक भिंत. धाकटी संध्याकाळी वही उघडून बसली की माईंच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटायचं. धाकटीचं अक्षर सुरेख, तर माई म्हणायच्या, "अक्षरानं बाळ जगत नाही." धाकटी म्हणायची, "खरं आहे, जाऊबाई." आता या पोरीशी भांडायचं तरी कसं? उलट बोलली असती तर बरं झालं असतं.

माईंच्या नवऱ्याचं सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. बोलणं कमी, पण कान तिखट. एकदा जेवताना तो म्हणाला, "इतकी वर्षं दवाखान्यात आहेस. जळण्यावर काही गोळी निघाली नाही का अजून?"

"जेवा मुकाट्यानं," माई म्हणाल्या.

तेवढ्यात तिसऱ्या गल्लीतली शिंप्याची सून बाळंत झाली. पहिलंच मूल, मुलगा. तिसरी गल्ली माईंची. त्या शिंप्याच्या धाकट्या मुलाचा लसीचा पहिला डोससुद्धा माईंनीच चुकू दिला नव्हता. पण सिस्टर म्हणाल्या, "धाकटीला सरावासाठी एक घर हवंय, हे तिला देऊ. माई, तुमची हरकत नाही ना?"

"माझी कसली हरकत?" माई म्हणाल्या, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिसऱ्या दिवशी धाकटीनं बाळाचं वजन केलं. दोन किलो तीनशे. म्हणजे काट्याच्या पिवळ्या पट्टीत, बाळ कमी वजनाचं. तिनं आईला समजावलं की बाळाला तुझ्या उघड्या छातीशी धरून ठेव, वरून पांघरूण घे, टोपी काढू नको, दर दोन तासांनी पाज, अंघोळ आत्ता नको. सातव्या दिवशी मी पुन्हा येऊन बघेन. घरी येऊन तिनं हे सगळं माईंनाही सांगितलं, काही चुकलं का म्हणून. माईंनी "ठीक आहे" म्हटलं आणि पाठ फिरवली.

आता इथं काट्याचं जरा सांगायला हवं. बाळाचं वजन करायचा काटा म्हणजे वर अडकवायची कडी, मधे स्प्रिंगची तबकडी, खाली आकडा. आकड्याला कापडाची झोळी लावायची, झोळीत बाळ ठेवायचं. पण झोळीलाही वजन असतं. म्हणून आधी रिकामी झोळी लावायची, वरचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा, आणि मगच बाळ ठेवायचं. माईंची झोळी नऊ वर्षांची जुनी, धुऊन धुऊन पातळ झालेली. काटा तिच्यावर कायमचा बसलेला होता. शून्य बघायची वेळच यायची नाही.

पण धाकटीच्या झोळीकडे बघून सिस्टर एकदा "किती स्वच्छ ठेवलीये" असं बोलल्या होत्या. झालं. माईंनी कपाटातला जाड टॉवेल काढला, दुहेरी करून शिवला, कडेनं लाल दोरा फिरवला, दोन्ही बाजूंना चांगल्या जाडजूड लोखंडी कड्या लावल्या. झोळी अशी देखणी झाली की माईंनी ती स्वतःच दोनदा हातात धरून पाहिली. आणि पाचव्या दिवशी, सोमवारी सकाळी, काही काम नसताना त्या तिसऱ्या गल्लीत गेल्या.

"सहज आले गं, इकडून जात होते," त्या शिंप्याच्या सुनेला म्हणाल्या. पोरगी एकोणीस वर्षांची, डोळे जागरणानं तांबारलेले, बाळ ब्लाउजच्या आत छातीशी. "माई, याला असं किती दिवस धरून बसायचं? पाठ मोडून गेली माझी."

"बघू तरी आण." माईंनी खिडकीच्या गजाला काटा लावला, नवी झोळी अडकवली, बाळ अलगद आत ठेवलं. काटा हलला, थांबला. दोन किलो साडेपाचशे. हिरव्या पट्टीत!

माईंच्या मनात काय झालं ते लपवण्यात अर्थ नाही. आनंद झाला. दोन दिवसांत बाळ पाव किलो वाढत नाही, पहिल्या आठवड्यात तर उलट थोडं उतरतं, हे त्यांना पाठ होतं. म्हणजे धाकटीनंच चुकीचं वाचलं! पाव किलोची चूक! फळ्यावर प्रश्न लिहून घेणारी, का का म्हणून सांगणारी, आणि साधा काटा वाचता येत नाही. त्या क्षणी काट्याच्या शून्याची आठवण कुठून येणार?

"अडीचच्या वर आहे की चांगलं," त्या म्हणाल्या. "ती नवीन आहे ना, घाबरते. ठेव खाली खुशाल, तूही आडवी हो जरा." पोरीनं सुटकेचा श्वास सोडला आणि बाळ पाळण्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. माईंनी बरी साडी नेसली. झोळी मुद्दाम टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, आणि हजेरी संपायच्या आत म्हणाल्या, "सिस्टर, काही जणींना आधी काटा वाचायला शिकवा. दोन साडेपाचशेच्या बाळाला दोन तीनशे सांगून त्या आईला दोन दिवस बांधून घातलं होतं." नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. एकोणतीस माना धाकटीकडे वळल्या.

धाकटीचा चेहरा उतरला. तिनं माईंकडे पाहिलं, मग टेबलावरच्या झोळीकडे पाहिलं, बराच वेळ. "मी पुन्हा करून बघते, सिस्टर," एवढंच म्हणाली, आणि मधल्या सुट्टीत परवानगी घेऊन निघून गेली. माईंना वाटलं, गेली रडायला. वाटलं, बरं झालं. हो, असंच वाटलं.

दुपारी घरी येऊन माईंनी पिशवी रिकामी केली. काटा नेहमीप्रमाणे दाराच्या खिळ्याला अडकवला आणि झोळी वाळत टाकण्यापेक्षा तिथंच लटकवावी म्हणून आकड्याला लावली. वळल्या, पुन्हा वळून पाहिलं. झोळी रिकामी होती, आणि काटा पाव किलोवर होता.

त्या दाराशीच उभ्या राहिल्या. मग झोळी काढली. काटा शून्याच्याही खाली जरासा घसरला. पुन्हा लावली. पाव किलो. अडीचच्या वर, ठेव खाली खुशाल, असं आपण त्या पोरीला सांगून आलो. काल सकाळी. काल सकाळपासून ते एवढंसं बाळ पाळण्यात आहे.

माई चपला घालायच्याही विसरल्या. तिसऱ्या गल्लीपर्यंत चौदा वर्षांत त्या कधी धावल्या नव्हत्या, त्या दिवशी धावल्या. दाराबाहेर धाकटीच्या चपला दिसल्या. आणि काय माणसाचं मन असतं बघा, डोळ्यांसमोर बाळ दिसत होतं, तरी मनात पहिलं आलं ते हेच की इथंही ही माझ्याआधी पोचली!

आत धाकटी बसली होती. बाळ आईच्या छातीशी, वर घोंगडी, डोक्याला टोपी. धाकटीच्या हातात थर्मामीटर. "आले तेव्हा पाय गार होते, जाऊबाई. पारा पस्तीस पॉइंट नऊ होता, हवा साडेछत्तीस. प्यायलाही आळस करत होता. आता छत्तीस पॉइंट चार आहे. चढतोय. नसता चढला तर गाडी बोलावणार होते."

माईंनी बाळाच्या तळव्याला हात लावला. कोमट होता. त्या खाली बसल्या. शिंप्याची सून एकीकडून दुसरीकडे बघत होती. कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट होता.

"माझा काटा चुकला," माई तिला म्हणाल्या. "ही म्हणते तेच खरं. धरून ठेव."

बाहेर आल्यावर त्यांनी धाकटीला विचारलं, "तुला वर्गातच कळलं होतं ना?"

"झोळी जाड दिसली. लोखंडी कड्या दिसल्या. शंका आली."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघींत कशी बोलू? तुम्ही मोठ्या. तुम्हीच तर शिकवलंय मला."

"आणि बाळाला काही झालं असतं तर माझं मोठेपण घेऊन काय करणार होतीस?" माई ओरडल्या. धाकटीच्या बोलण्यातही खोट नव्हती आणि माईंच्याही नव्हती, पण माईंना त्या क्षणी तिच्या चांगुलपणाचा जेवढा राग आला तेवढा तिच्या अक्षराचाही कधी आला नव्हता.

बाळ सावरलं. सातव्या दिवशी सिस्टरांनी विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, "दोघींनी मिळून पुन्हा केलं, सिस्टर. दोन तीनशेच आहे." सिस्टरांनी माईंकडे पाहिलं. माईंनी वही चाळली. विषय तिथंच मिटला. पण माईंची झोप उडाली. ही कधीतरी सांगणार. आज नाही तर उद्या, नेमणुकीच्या दिवशी नेमकं सांगणार. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं, असं त्या मनाशी कबूल करत, आणि मग धाकटीचा आणखीनच राग राग करत.

महिन्यानं सिस्टरांनी जाहीर केलं. पुढची तुकडी धाकटी शिकवणार. "माईंचा हात कुणाला येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण शिकवायला सांगता यायला लागतं." माईंना ही वाटणी कळली. कळली म्हणून बोचायची थांबली नाही. एक-दोघींनी त्यांच्याकडे कीव करून पाहिलं, ते तर फारच झालं.

"आज एक धडा तूच घे," सिस्टर धाकटीला म्हणाल्या. "वजनाचा घे."

धाकटी पुढं गेली. काटा खिळ्याला लावला. आलीच ती वेळ. आता सगळ्यांसमोर माझं नाव निघणार.

"यात एक चूक होते," धाकटी म्हणाली, "आणि ती अनुभवी बाईकडूनही होते. झोळी बदलली आणि काटा शून्यावर आणला नाही, तर कमी वजनाचं बाळ चांगल्या वजनाचं दिसतं. हे मला कसं कळलं, तर ही चूक मी स्वतः केलीय." ती एका दमात बोलून गेली. माईंकडे पाहिलंही नाही.

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. "बघा, किती मोकळेपणानं सांगितलं," मागची एक म्हणाली. सिस्टरांचा चेहरा फुलला. "असं सांगता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि कुणीतरी टाळीही वाजवली.

माईंच्या डोक्यात तिडीक गेली. बाहुली घेतली. गल्ली घेतली. फळा घेतला. आणि आता माझी चूकसुद्धा ही घेऊन गेली, आणि तिच्यावर टाळ्या घेते! सुटल्याचं समाधान वाटायला हवं होतं, कुणालाही वाटलं असतं. माईंना नाही वाटलं. त्या उठल्या. पदर न खोचताच उठल्या.

"ती चूक तिची नाही," त्या म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. "माझी आहे. नवी झोळी माझी होती. हिच्यावर मात करायला शिवली होती. हिनं बरोबर केलेलं वजन मी चूक ठरवलं, इथंच उभी राहून, तुम्हा सगळ्यांसमोर."

धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाई, राहू द्या ना."

"का राहू द्या? अर्धवट शिकवशील तर मी गप्प बसणार नाही. अनुभवी बाई शून्य का विसरते ते तुला कसं ठाऊक असणार? तू विसरलीच नाहीस." माईंनी हॉलभर नजर फिरवली. ज्यांनी चौदा वर्षं तोंडात बोट घातलं होतं त्या सगळ्या बघत होत्या. "तर लिहून घ्या. मला हिचा हेवा वाटत होता. आकडा मला हवा तसा आला, म्हणून मी झोळीकडे पाहिलं नाही. बाळ एक दिवस आणि एक रात्र पाळण्यात पडलं होतं, आणि त्याचे पाय गार पडले होते."

पेन्सिली चालू लागल्या. माईंच्या बोलण्यावर वर्गानं लिहून घ्यावं, असं पहिल्यांदाच होत होतं. पुढच्या ओळीतल्या एका नव्या पोरीनं हात वर केला आणि घाबरत विचारलं, "माई, आणि हेवा अजून वाटतो?"

"वाटतो तर," माई म्हणाल्या. "म्हणून तर आता दर वेळी आधी रिकामी झोळी लावते."